सगळे वर बघत होते

३० जून, बुधवार

वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेली अक्षरं विसराल. आजपर्यंत एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण हाताला काहीतरी काम हवं.

दुपारी अंगणात पीठ मळत होते. माझा बदरी रांजणाच्या सावलीत चटईवर पडला होता. फाडकन आवाज झाला, रांजण फुटला आणि सगळं पाणी पोराच्या अंगावर. मला वाटलं उन्हानं तडकला. मग मागच्या भिंतीत भोक दिसलं. पोराच्या डोक्याच्या थोडंसं वर.

गोळी कालव्यापलीकडून आली. कालव्यापलीकडं माझं माहेर आहे.

सासूला मी मावशी म्हणते. मावशी बाहेर आली, भोक बघितलं आणि म्हणाली, "घे. तुझ्या माहेरनं नातवाला आहेर पाठवला."

दोन वर्षांमागं पाण्याच्या पाळीवरून माझ्या नवऱ्याच्या चुलतभावानं, गादनं, माझ्या बापाला गोळी घातली. तोंडावर घातली. अंघोळ घालणाऱ्यांनी फडकं बांधूनच आईला दाखवला. गाद तुरुंगात आहे. पण आमच्यात तुरुंगानं काही फिटत नाही. माझ्या माहेरी अजून कुणाचं सांत्वन घेतलेलं नाही, दुखवट्याचा मांडव घातलेला नाही. बदला घेतल्याशिवाय घालत नाहीत. माझा भाऊ दियाब तेव्हापासून दाढी करत नाही.

मी तेव्हा लग्न होऊन इकडं आलेली होते. म्हणजे मी दोन्हीकडची. मावशी म्हणते, कुठलीच नाही.

खलफल्ला घरी आला. माझा नवरा, सगळे खलफ म्हणतात. भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "नेम चुकला नाही. मुद्दाम वर मारली." मी विचारलं, का? तर म्हणाला, "चहा टाक."

४ जुलै, रविवार

कैरोहून माणसं आली आहेत. गोरी पण आहेत. वस्तीच्या टोकाला, जिथं ऊस संपतो आणि वाळवंट सुरू होतं, तिथं तळ टाकलाय. पुढच्या महिन्यात भरदुपारी सूर्य पूर्ण झाकला जाणार, आणि आपल्या इथं सगळ्यात जास्त वेळ, सहा मिनिटांच्या वर. तेवढ्यात त्यांना सूर्याच्या भोवतीचं काहीतरी बघायचंय. एरवी ते दिसत नाही म्हणे, सूर्याच्याच उजेडात बुडालेलं असतं.

मावशी म्हणाली, "सूर्य बघायला इतक्या लांब? कैरोत उगवत नाही का?"

खलफ तंत्रशाळेत शिकलेला आहे. त्यांनी त्याला कामावर घेतलं. राखण करायची आणि दुर्बिणींची झाकणं लावायची-काढायची. मला रोजच्या भाकऱ्यांचं काम मिळालं. त्यांच्यातल्या एक डॉक्टर, मिरवत त्यांचं नाव, आमच्या भाकरीला हात लावून बघत बसल्या. औषधाच्या नाहीत, सूर्याच्या डॉक्टर. आम्ही पिठाचे गोळे मातीच्या थाळ्यांवर ठेवून उन्हात फुगवतो, काट्यानं कडेला चिरा देतो आणि मग भट्टीत घालतो. त्या म्हणाल्या, "रावया, म्हणजे तू पण सूर्यावरच काम करतेस." मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मावशीनं बघितलं म्हणून थांबले.

९ जुलै, शुक्रवार

आज आईनं मला मारलं.

मीच गेले होते. रांजणाचं विचारायला. कालव्याच्या पुलावरून गेले, बदरी कडेवर. आई दारातच उभी होती, काळ्या कपड्यांत. काही बोलायच्या आत पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर हाणली. दोनदा, तीनदा. दात लागून ओठ फाटला. रक्त बदरीच्या टोपीवर पडलं.

"तुझ्या बापाचं तोंड कुठाय? दे आणून! मग ये माझ्या दारात!"

दियाबनं तिचा हात धरला. बापाच्या मयताला कुवेतहून आल्यापासून पहिल्यांदा त्याला जवळून बघितलं. दाढी छातीपर्यंत आली आहे. म्हणाला, "आई, पोर आहे कडेवर. सोड."

मग आई ओट्यावर बसून छाती बडवायला लागली. "शंभर माणसांचा न्याय करायचा माझा माणूस. त्याच्या बदल्यात तो गांजेकस गाद घेऊन काय करू? उंदीर मारून का वाघाचं फिटतं? त्या घरात एक तरी माणूस आहे का त्याच्या तोलाचा?"

माझं डोकं फिरलं. मार खाल्लेला, ओठ सुजलेला. म्हणाले, "गाद गेला खड्ड्यात. माझा नवरा नाही तसा. कैरोची डॉक्टर लोकं त्याला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत कशाला. लाखाची यंत्रं त्याच्या भरवशावर सोडून जेवायला जातात. गोरा माणूस त्याला मिस्टर खलफ म्हणतो. आजूबाजूच्या चार वस्त्यांत असा माणूस दाखव."

आई एकदम गप्प झाली. माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, लाजली.

दियाबनं बदरीला घेतलं, त्याच्या टोपीवरचं रक्त अंगठ्यानं पुसलं. म्हणाला, "नशीबवान आहेस, पोरी. चांगला माणूस मिळाला."

येताना रडत आले, पण हलकं वाटत होतं. भावानं दोन वर्षांत पहिल्यांदा मला पोरी म्हणलं.

१६ जुलै, शुक्रवार

उन्हानं माणसं मरतायत. पलीकडच्या वस्तीतली म्हातारी ऊस बघायला गेली ती तिथंच गेली. गिधाडांमुळं सापडली.

आज डॉक्टर मिरवतनं मला दुर्बिणीतून सूर्य दाखवला. जाड लाल काच लावलेली. मला वाटलं गुळगुळीत असेल, ताटासारखा. तसा नाही. उकळतोय. भातावर बुडबुडे येतात तसा सगळ्या अंगानं उकळतोय.

त्या सांगत होत्या. सूर्याच्या भोवती एक मुकुट आहे, पांढरा, पातळ, सगळीकडं फाकलेला. त्यातून वारा सुटतो आणि सारखा आपल्यापर्यंत येत राहतो, आपल्याला कळत नाही एवढंच. आणि गंमत अशी, की सूर्याच्या अंगापेक्षा तो मुकुट शेकडो पट गरम.

मी म्हणाले, "असं कसं? भट्टीपासून हात लांब नेला की भाजायचं थांबतं."

"तेच तर. सूर्याचं उलटं आहे. शंभर वर्षं होत आली, अजून नीट कळलेलं नाही का ते. वेगवेगळं सांगतात. मी पण सांगते, पण छातीवर हात ठेवून नाही."

मला नवल वाटलं नाही. गोळी गादनं घातली. तो तुरुंगात सावलीत बसलाय, तीनदा जेवतो, मावशी म्हणते जाडजूड झालाय. भाजतोय आम्ही, लांबची.

हे त्यांना बोलले नाही. त्यांना काय सांगायचं.

१९ जुलै, सोमवार

आमचा ऊस पेटवला. दुपारीच. वारा वस्तीकडं होता. गाढव खुंट्याला बांधलेलं तसंच जळालं. ते ओरडत होतं तो आवाज माणसासारखा होता, मी बदरीचे कान दाबून भट्टीच्या आड बसले. खलफ दोर कापायला घुसला तर कोपरापर्यंत हात भाजला. कातडी पोळीवरच्या पापुद्र्यासारखी सुटली. पोळलेला हात पाण्यात घालून तो दात आवळून बसला होता, आणि मावशी त्याच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती, "तू बाई हो! बांगड्या भर! तुझ्या जागी तुझा बाप असता तर आत्तापर्यंत पलीकडं चार मढी पडली असती!"

"आई, मला कुणाला मारायचं नाही."

"मग मर!"

बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर मिरवत पळत आल्या. खलफच्या हाताला पट्टी बांधली. त्यांना वाटतं चुलीची ठिणगी उडाली. आम्ही पण तसंच सांगितलं. बाहेरच्यांना आम्ही सांगत नाही.

२१ जुलै, बुधवार

आज दियाब आमच्या दाराशी आला. खरंच आला! एकटा. हत्यार नव्हतं. हातात भाजल्यावर लावायचं मलम आणि बदरीसाठी कुवेतची निळी टोपी.

मावशीनं आत जाऊन दार लावून घेतलं. खलफ तळावर होता. दियाब अंगणातच बसला, मी चहा दिला. म्हणाला, "ऊस आमच्या पोरांनी पेटवला. चोपलं मी त्यांना. पिकाला आणि जनावराला कशाला हात लावायचा? काय गुन्हा त्यांचा?"

मी रडायला लागले. म्हणाले, "भाऊ, संपव की हे. तुझ्या शब्दावर आहे सगळं."

"संपणार, पोरी. मी पण कंटाळलोय. आई अंगणात बसून असते. दोन वर्षं झाली, घरात गोड शिजलं नाही."

मग सूर्याच्या गोष्टी निघाल्या. त्याला पण नवल वाटत होतं. खरंच अंधार होतो का? किती? माणूस ओळखू येतो का? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. खलफ काय करतो विचारलं. मी सगळं समजावलं, मातीत रेघा काढून. न जळालेला ऊस इथं, तळ इथं, मोठी दुर्बीण उसाच्या बाजूला. माइकवर आवाज आला की खलफ झाकण काढणार, आणि परत लावायची हाक येईपर्यंत जागचं हलायचं नाही. चुकून धक्का लागला तर सगळी मेहनत वाया. अंधारात तो सापडावा म्हणून त्याला पिवळं जाकीट दिलंय, उजेड पडला की चमकतं.

"मग त्याला बघायला मिळणार नाही?"

"वर बघायचं म्हणतो की थोडं. हात मात्र झाकणावर."

दियाब हसला. बदरीला उचलून त्याच्या मानेचा वास घेतला, डोळे मिटून. बराच वेळ. त्याचे डोळे ओले झाले होते, मी बघितलं.

तो गेल्यावर मावशी बाहेर आली आणि त्यानं प्यायलेला पेला भिंतीवर फोडला.

खलफला सांगितलं. तो मलम हातात फिरवत बसला. म्हणाला, "लावू का नको?" मी म्हणाले, "लाव की, वेडा आहेस का." मग त्यानं लावलं.

२६ जुलै, सोमवार

तळावर आज आरडाओरडा. मला वाटलं काही झालं, पीठ टाकून पळाले. तर सगळी आनंदानं ओरडत होती. सूर्याच्या कडेवरचं काहीतरी आज आणखी वर उठलं होतं.

मिरवतनं मला पुढं ढकललं. लाल काचेतून बघितलं. कडेवर एक दोरी उभी राहिलेली, जाड, पिळलेली, आगीची. दोन्ही टोकं सूर्यात रुतलेली. त्या म्हणाल्या, "दिसते एवढीशी. आपली पृथ्वी दहा वेळा जाईल तिच्याखालून. चार दिवस अशीच आहे. आतल्या आत पीळ चढतोय." मी भाकऱ्या भाजून परत येते तर ती तुटली होती. एक टोक सुटलं आणि सगळं बाहेर फेकलं गेलं. आपल्या बाजूला नाही, सुदैवानं. आपल्याकडं आलं असतं तर दिवे, फोन, सगळं बंद पडलं असतं.

मी विचारलं, "आधी कळत नाही का कधी तुटणार ते?"

"त्यासाठीच तर आलोय सगळे. पीळ दिसतो. तुटायची वेळ सांगता येत नाही."

माहेरहून साखर आली. दियाबनं पाठवली.

३० जुलै, शुक्रवार

इमामसाहेबांनी नमाजनंतर सांगितलं, सोमवारी सगळ्या पुरुषांनी मशिदीत यायचं, ग्रहणाची नमाज लांब असते. बायकापोरांनी दारं लावून आत बसायचं. मावशी तांब्याची परात घासून बसली आहे, वाजवायला. अंधारात काय काय सुटतं म्हणे.

मला त्या अंधाराची भीती वाटते. बदरीला काही झालं तर? पोटातलं पोर आंधळं होतं म्हणतात, अंगावरच्याचं काय होतं कुणी सांगत नाही.

खलफ चेष्टा करतो. "बदरीच्या आई, सूर्य जाणार नाही कुठं. चंद्र आड येतो एवढंच. तू माझ्या आणि जेवणाच्या आड येतेस तशी." मी लाटणं उगारलं. भाजलेल्या हातानं त्यानं ते धरलं आणि सोडेना. हात आता बरा आहे. नवी कातडी गुलाबी आली आहे, बदरीच्या तळव्यासारखी.

१ ऑगस्ट, रविवार

उद्या. मिरवतनी मला पण चष्मा दिला, काळा, कागदाचा. मी घरातच बसणार आहे. पण ठेवला.

४ ऑगस्ट, बुधवार

लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सोमवारी दुपारी शनूदाकाका तळावरच्या भाकऱ्या न्यायला गाडी घेऊन आले. लग्नाचे, मयताचे सगळे मांडव त्यांचेच, मुसलमानांकडं पण, त्यांच्या ख्रिस्ती लोकांकडं पण. तळावर दुर्बिणींना वारा लागू नये म्हणून त्यांचीच रंगीत कनात लावलेली. मी भाकऱ्या मोजून देत होते. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या डॉक्टरणीला सांग, उजेड पडला की लगेच कनात सोडणार मी. मला आजच पलीकडं मांडव घालायचाय."

"कुणाचं लग्न?"

ते माझ्याकडं बघायला लागले. "तुला सांगितलं नाही? तुझ्या बापाचा दुखवटा. दियाबनं चार दिवसांमागं ठरवला. खुर्च्या, माइक, कुराण वाचणारा, सगळं आजच्या..."

बोलता बोलता त्यांना पण कळलं. तोंडावरचा रंग उतरला.

भाकऱ्या टाकल्या. बदरीला उचललं आणि पळाले. अनवाणी. वाळू भाजत होती ते नंतर कळलं, तळव्याला फोड आले तेव्हा. सूर्याला एका बाजूनं चावलेलं होतं. उजेड आजारी माणसासारखा पडला होता.

तळावर चाळीस माणसं. कुणी पडद्यांना चिकटलेली, कुणी आकडे ओरडत होती. मी मिरवतचा दंड धरला. म्हणाले, "माझा भाऊ येतोय."

"येऊ दे ना! त्याच्यासाठी पण चष्मा आहे, त्या खोक्यात बघ. आत्ता नको गं रावया, आत्ता काही विचारू नको मला."

पोलीस होते, पण ते वस्तीच्या तोंडाशी, पाहुण्यांच्या गाड्यांपाशी. आणि पोलिसाला सांगायचं हे मला सुचलंच नाही. खरं सांगते, सुचलंच नाही.

खलफ मोठ्या दुर्बिणीपाशी, उसाच्या बाजूला. पिवळं जाकीट. मी सांगितलं. तो पांढरा पडला, पण हलला नाही.

"चल. बदरीचे बाबा, पाया पडते, चल इथून."

"कुठं जाऊ? घरी? तिथं येतील. आणि हे झाकण?"

"आग लागो झाकणाला!"

"रावया, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर काही सोपवलंय. आणि पळालो तर उद्या कालव्यावर पोरंटोरं पण हसतील."

मग मी त्याच्या पुढ्यात उभी राहिले. बाई किंवा पोर बरोबर असलेल्या माणसावर आमच्यात गोळी झाडत नाहीत. तेवढी लाज सगळे पाळतात. मी पाठ त्याच्या छातीला लावली, बदरीला छातीशी धरलं आणि उसाकडं तोंड केलं. खलफचं काळीज माझ्या पाठीत आपटत होतं.

एकदम गार झालं. कुत्री गप्प. माइकवर कुणीतरी ओरडलं, खलफनं माझ्या डोक्यावरून हात नेऊन झाकण काढलं, आणि दिवस विझला. चारही बाजूंनी क्षितिज लाल, भट्टीच्या तोंडासारखं. मधे काळोख. चाळीस माणसं एकदम ओरडली. कुणी अल्लाहु अकबर, कुणी नुसतंच. एक गोरा माणूस ढसाढसा रडत होता. वस्तीत पराती वाजत होत्या. सगळे वर बघत होते.

मी वर बघितलं नाही. वारा पडला होता, तरी ऊस हलला.

दियाब बाहेर आला. मी त्याला चालीवरून ओळखला. आणि जवळ आल्यावर बघितलं, दाढी केलेली. गुळगुळीत. लहानपणीचा दियाब दिसत होता.

"पोराला घेऊन बाजूला हो."

"नाही."

"रावया, हो बाजूला."

मी डोक्यावरची ओढणी ओढून काढली आणि त्याच्या पायापुढं टाकली. केस मोकळे, परक्या माणसांत. बाईची ओढणी अशी पडली की हत्यार खाली जातं. आज्यापणज्यापासून जातं. माझ्या आज्जीनं असं एकदा दोन खून थांबवले होते.

त्यानं मान फिरवली. बंदूक खाली गेली. गेली, मी बघितलं, नळी जमिनीकडं गेली. म्हणाला, "झाक. झाक ते." रडत होता.

तेवढ्यात पाठीमागून खलफ म्हणाला, "बदरीला नीट धर."

आणि त्यानं मला ढकललं. जोरात, दोन्ही हातांनी. मी पोरासकट वाळूत पडले. तो बाजूला सरला, उघड्यावर. म्हणाला, "मी बायकोच्या आड उभा नाही."

दियाबनं मारल्या. किती ते माहीत नाही. पिवळ्या जाकिटातून धूर आला. तो मागं दुर्बिणीच्या पायावर आपटला आणि घसरत खाली बसला. तोंडातून रक्ताचा फुगा आला आणि फुटला. मी हातानं छातीतली भोकं दाबत होते, एक दाबलं की दुसऱ्यातून यायचं. नवी गुलाबी कातडी आलेला हात वाळू खरवडत होता. मग थांबला.

लोकांना वाटलं फटाके. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सूर्याची पहिली ठिणगी निघाली, उजेड पडला, तेव्हा कुणाचं तरी खाली लक्ष गेलं. दियाब तोवर उसात गेला होता. माझी ओढणी तिथंच पडली होती.

५ ऑगस्ट, गुरुवार

खलफला काल पुरला. रडायचं नाही, मावशीचा हुकूम. सांत्वनाला आलेल्या बायकांना तिनं दारातून हाकललं. त्याचं जाकीट धुवू दिलं नाही. आमच्या भिंतीवर टांगलंय, गोळीच्या भोकाखाली.

पलीकडं दियाबचा मांडव लागला आहे. माइकवरून कुराण ऐकू येतं. शनूदाकाका हळूच सांगून गेले. दियाब पहिल्या खुर्चीत बसून लोकांचे हात हातात घेतो. आईनं दोन वर्षांनी गोड शिजवलं. आल्यागेल्याला सांगते, माझ्या माणसाच्या तोलाचा मिळाला. हात धुतले आणि जेवली.

मिरवत आल्या होत्या. मावशीनं दारातूनच परत पाठवलं त्यांना. मी मागच्या बाजूनं गेले. त्यांना बोलता येत नव्हतं. हातातल्या पडद्यावर एक फोटो होता. काळी चकती आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या, लांब, मऊ, पोराच्या जावळासारख्या. त्या एकेक फोटो सरकवत गेल्या, सगळ्यांत पाकळ्या स्थिर आहेत. एकातच पाकळ्या थरथरून दोन-दोन झाल्यात.

"हा कसला?" मी विचारलं.

त्यांनी पडदा छातीशी धरला. मग मला कळलं. खलफ दुर्बिणीवर आपटला तेव्हाचा.

७ ऑगस्ट, शनिवार

जिल्ह्याचे साहेब आले. आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. घामानं गणवेश चिकटलेला.

"चाळीस माणसं," ते म्हणाले. "तीस कॅमेरे. आणि दिसलं कुणालाच नाही."

हे खरंच आहे. एरवी आमच्या वस्तीत पोलिसाला सगळे खोटं सांगतात. या वेळी सगळे खरं बोलत होते. वर बघत होते.

साहेब म्हणाले, "कोण ते मला माहीत आहे. वस्तीतल्या कोंबड्यांना पण माहीत आहे. पण त्याची पंधरा माणसं सांगतात, तो मशिदीत नमाजाला होता. मला बघितलेलं माणूस हवं. तू तिथं होतीस."

मावशी माझ्या शेजारी बसली होती. बदरी तिच्या मांडीवर. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. तिच्या तोंडाला उपाशी माणसाचा वास येत होता.

"नाव घेऊ नको. सरकारला दिलंस तर तुरुंगात जाईल, जेवून-खाऊन जाडजूड होईल गादसारखा. ते नाव बदरीचं आहे. बदरीसाठी ठेव."

मी बदरीकडं बघितलं. त्याला दात येतायत. मावशीच्या काळ्या बाहीचं टोक तोंडात धरून चावत होता, लाळ गळत होती. मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, खूप मायेनं. खरंच मायेनं.

"सांग बाई," साहेब म्हणाले. "कुणीच बघितलं नाही, असं लिहू का?"

"मी बघितलं," म्हणाले. "मी खाली बघत होते."

मावशीच्या हाताची नखं माझ्या दंडात रुतली.

"दियाब अबुल वफा."

साहेबांचं पेन थांबलं. "तुझा कोण?"

"सख्खा भाऊ."

"विचार कर. उद्या कोर्टात त्याच्या तोंडावर सांगावं लागेल. दोन्हीकडं तुला थारा राहणार नाही, हे मी सांगायला नको."

"लिहा," म्हणाले. "बंदूक होती, दाढी केलेली होती, रडत होता. हे पण लिहा."

मावशी किंचाळली. माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा, शिपायांनी सोडवेपर्यंत. कपाळातून रक्त डोळ्यांत आलं. तशीच उठले आणि तिच्या मांडीवरून बदरीला उचललं. बाहीचं टोक त्याच्या तोंडातून सुटेना. मी बोट घालून सोडवलं.

आता पोलिसांच्या गाडीत बसून लिहितेय. कुठं नेतायत माहीत नाही. बदरी झोपलाय. त्याच्या वाट्याचं नाव मी देऊन टाकलं. मोठा झाल्यावर विचारेल, माझ्यासाठी काय ठेवलंस? तर काही नाही.